डोक्यावर कलश असलेला सोनेरी इंग्लिश आरसा: ही नक्षी आली कुठून, आणि ‘१७८०’ ही तारीख मानावी का?

लंडनच्या एका दुकानात तुम्हाला हा अंडाकृती आरसा ‘अ‍ॅडम, १७८०’ म्हणून दाखवला. मी जुन्या सोनेरी चौकटींची दुरुस्ती करते, म्हणून सांगते: नक्षी ओळखणं सोपं आहे, वय ठरवणं अवघड.

नक्षी रोमन आहे, पण ती देवळांच्या दगडी खांबांवरून कमी आणि घरांच्या भिंतींवरून, छतांवरून जास्त आली. रॉबर्ट अ‍ॅडम हा स्कॉटिश वास्तुकार इटलीत गेला १७५४ साली. ज्वालामुखीने गाडलेल्या तिथल्या दोन रोमन शहरांपैकी हर्क्युलेनियमचं खोदकाम १७३८ला, पॉम्पेईचं १७४८ला सुरू झालं होतं. भिंतींवरची नाजूक चित्रं आणि गिलाव्यातली उथळ नक्षी पाहून तो १७५८ला परतला आणि त्याआधीच्या रोकोको शैलीची फुगीर, वळणावळणाची चौकट मागे पडली. तिच्या जागी कलश, मेंढ्याची शिरं, पंखवाले सिंह आणि चपट्या बारीक फुलमाळा आल्या. अ‍ॅडम छत, भिंतीतली शेकोटी आणि आरसा एकाच आराखड्यात बसवायचा. लंडनच्या केनवुड हाउसमधलं ग्रंथालय जरूर पाहा. तिथे त्याने खिडक्यांसमोरच्या कोनाड्यांत आरसे लावले, म्हणजे बाहेरची हिरवळ आत दिसते. मला त्याचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं.

आता तुमच्या आरशाच्या लोंबत्या माळा जवळून पाहा. इतकं बारीक लाकूड कोरलं तर तुटतं, म्हणून आत तार घालून वर खडू, सरस, राळ आणि जवसाच्या तेलाचा लगदा साच्यात दाबून बसवत. त्यावर सोन्याचा वर्ख. माळ तडकलेली असेल, तर आतली तार दिसते.

पण एवढ्यावर तारीख मानू नका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही शैली पुन्हा जोरात आली आणि तेव्हाही हाच लगदा वापरला गेला. काचेवरूनही पक्कं ठरत नाही. मागे कथील-पाऱ्याचा थर असलेली जुनी काच करडी दिसते, कडेला बारीक चमचमते. पण तसे आरसे एकोणिसाव्या शतकातही बनत होते, आणि काच बदललेलीही असू शकते. विक्रेत्याला आरसा उलटा करायला सांगा. मागचं लाकूड, त्याचे सांधे, खिळे आणि नंतरच्या दुरुस्त्या नीट बघा. पाठीवरचा पाऱ्याचा थर मात्र हाताने घासू नका, पारा विषारी असतो. आणि घ्यायचं ठरलंच, तर बिलावर बनवल्याचा काळ लिहून घ्या. नुसतं ‘अ‍ॅडम शैली’ लिहिलं असेल, तर १७८०ची किंमत देऊ नका.