घर तारण ठेवून मुलीला स्कॉटलंडला पाठवावे का?

प्रश्न : माझी मुलगी रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून बी.एफ.एस्सी. झाली आहे. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात मत्स्यसंवर्धनाच्या एक वर्षाच्या एम.एस्सी.साठी तिला प्रवेश मिळाला आहे. सर्व मिळून ४० लाखांच्या घरात खर्च जाईल. आमची हापूसची बाग सामाईक आहे, राहते घर माझ्या नावावर आहे. एजंटांचे म्हणणे असे की अर्धवेळ काम करून तिथला राहण्याचा खर्च निघतो आणि नोकरी लागली की वर्षभरात कर्ज फिटते. तिकडे गेलेल्या मुलांचे खरे अनुभव काय आहेत? घर तारण ठेवावे का? (एक पालक, देवगड)

सप्रेम नमस्कार.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. एजंटाने मांडलेल्या हिशेबाच्या भरवशावर राहते घर तारण ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलीची निवड मात्र चुकीची नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. स्टर्लिंगची मत्स्यसंवर्धन संस्था जगात नावाजलेली आहे आणि स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर व शेटलंडसारख्या बेटांवर सॅमनची मोठी शेती चालते, त्यामुळे हा विषय तिथे पुस्तकातून उतरून पाण्यात पाहायला मिळतो. थंड पाण्यातल्या सॅमनचे ज्ञान आपल्याकडच्या कोळंबी, खेकडे आणि कालवांच्या कामी कितपत येईल, ही शंका रास्त आहे. उष्ण प्रदेशांतील मत्स्यसंवर्धनावरही त्या संस्थेचे जुने काम आहे, तेव्हा अभ्यासक्रमातील कोणते विषय आपल्या किनाऱ्याला उपयोगी आहेत ते मुलीने एकेक करून तपासून घ्यावे.

आता अनुभवांविषयी. थंडीची आणि जेवणाची काळजी बहुतेक पालक पहिल्यांदा करतात, पण त्याची सवय मुलांना महिन्या-दोन महिन्यांत होते. डिसेंबरमध्ये तिथे दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो आणि त्याचा मनावर परिणाम होतो, तेवढे तिला आधीच माहीत असावे. खरी अडचण अभ्यासाच्या पद्धतीत येते. आपल्याकडे शिक्षक शिकवतात, टिपणे देतात, परीक्षेच्या आधी काय महत्त्वाचे ते सांगतात. तिथे आठवड्याला व्याख्याने मोजकी असतात, वाचनाची यादी हातात मिळते आणि बाकीचे आपले आपण करायचे असते. लिहिलेल्या निबंधात दुसऱ्याचा परिच्छेद संदर्भ न देता आला, तर ते गैरवर्तन समजले जाते आणि संगणकावर ते लगेच पकडले जाते. गुणांचे मापही वेगळे आहे. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर पातळीवर साधारणपणे ५० गुणांना उत्तीर्ण आणि ७० च्या पुढे विशेष प्रावीण्य धरतात. आयुष्यभर ८० च्या खाली न आलेल्या मुलीला पहिल्या निबंधात ५८ गुण मिळाले की आपण नापास झालो असेच तिला वाटू लागते. प्रत्यक्षात ती व्यवस्थित वाटेवर असते, पण हे तिला सांगणारे जवळ कोणी नसते.

माझ्याकडे सल्ल्यासाठी येत असलेल्या मालवणच्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण देतो. ती हुशार होती, पण ब्रिटनमध्ये गेल्यावर पहिले कित्येक आठवडे चर्चासत्रात तिने तोंड उघडले नाही. प्राध्यापकांना नावाने हाक मारायची हेच तिला जमेना, प्रश्न विचारणे तर दूरच राहिले. निबंध परत आला तेव्हा समासात प्राध्यापकांनी तीनदा एकच वाक्य लिहिले होते : "यावर तुझे मत काय?" तिला तो अपमान वाटला. मी तिला एवढेच सुचवले की प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जायचे आणि तो कागद समोर ठेवून विचारायचे. ती गेली. त्यांनी अर्धा तास दिला, दोन शोधनिबंध समोरासमोर ठेवून त्यांचे म्हणणे कुठे जुळत नाही ते दाखवले आणि पुढच्या वेळी असेच लिही, असे सांगितले. ती वेळ दर आठवड्याला दारावर लिहिलेली होती. तिने दार ठोठावेपर्यंत तिला कोणीही बोलावले नव्हते.

परदेशातून मुलांनी कळवलेल्या अनुभवांत ही गोष्ट मला वारंवार दिसते. तिथे मदतीची सोय उत्तम असते. लेखनासाठी मार्गदर्शक असतात, समुपदेशक असतात, व्हिसाच्या अडचणींसाठी वेगळे कार्यालय असते. विद्यार्थ्याला व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो, सध्या तो वर्षाला ७७६ पौंड आहे. त्याच्या बदल्यात सरकारी आरोग्यसेवा मिळते, स्कॉटलंडमध्ये तर डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधेही विनामूल्य मिळतात. पण दवाखान्यात नाव नोंदवण्यापासून सगळे विद्यार्थ्याने स्वतः जाऊन मागायचे असते. आपल्या गावात मुलगी दोन दिवस दिसली नाही तर शेजारची काकू विचारायला येते. तिथे खोलीचे दार आठवडाभर बंद राहिले तरी कोणी वाजवेलच असे नाही, कारण दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात न डोकावणे हे तिथे सौजन्य समजले जाते.

आणि इथेच कर्जाचा प्रश्न अभ्यासाला येऊन भिडतो. वडिलांनी राहते घर गहाण टाकून आपल्याला पाठवले, हे ज्या मुलीच्या मनात रोज असते ती घरी अडचण सांगत नाही. हिवाळ्यात ती संध्याकाळी सहाला खोलीवर येते तेव्हा देवगडला रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. आई-बाबा जागे राहून फोनची वाट पाहतात, ती पडद्यावर हसून "सगळं बरं आहे, जेवले" असे सांगते आणि फोन ठेवते. विषय जड जातो आहे, घरमालकाने अनामत अडकवली आहे किंवा मन लागत नाही, यातले काहीच घरी कळत नाही. एक वर्षाच्या अभ्यासक्रमात तर सावरायला वेळही नसतो. सप्टेंबरमध्ये, म्हणजे आपल्या गणपतीच्या सुमारास, सुरुवात झाली की दिवाळीनंतर पहिले निबंध द्यायचे असतात आणि पुढच्या ऑगस्टमध्ये प्रबंध. म्हणून कर्ज किती घ्यावे याचे माझे माप असे आहे की, "बाबा, मला इथे जमत नाही" हे वाक्य मुलीला भीती न वाटता उच्चारता आले पाहिजे. घर जाईल इतक्या कर्जात ते उच्चारता येत नाही.

एजंटाच्या हिशेबाकडे येतो. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. ताशी किमान वेतन १२ पौंडांच्या वर असल्यामुळे दर आठवड्याला पूर्ण २० तास मिळाले तर खोली आणि जेवणाचा बराच भाग निघू शकतो, हे खरे. पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत काम मिळेलच याची खात्री नसते, लहान गावात शेकडो विद्यार्थी त्याच चार दुकानांत विचारत असतात आणि परीक्षेच्या काळात तास कमी करावे लागतात. ब्रिटनचे व्हिसाचे नियम स्वतःच या कमाईवर विसंबत नाहीत. शुल्काशिवाय नऊ महिन्यांपर्यंतच्या राहण्याच्या खर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात दाखवावी लागते आणि तिथे पुढे होणारी कमाई त्यात धरली जात नाही. आपणही ती शून्य धरून हिशेब करावा. जे मिळेल ते वरचे.

वर्षभरात कर्ज फिटते, हे म्हणणे तर मला अजिबात मान्य नाही. पदवीनंतर तिथे राहून काम शोधण्यासाठी मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा आतापर्यंत दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो १८ महिन्यांचाच मिळेल. त्यानंतर राहायचे तर परदेशी माणसे नोकरीला ठेवण्याचा परवाना असलेला मालक आणि ठरलेल्या मर्यादेइतका पगार लागतो. ही सर्वसाधारण मर्यादा जुलै २०२५ मध्ये वर्षाला ४१,७०० पौंड झाली, नवोदितांसाठी ती कमी असली तरी मत्स्यशेतीवरच्या सुरुवातीच्या जागांना तेवढा पगार सहज मिळत नाही. एजंटाला विद्यापीठाकडून दर प्रवेशामागे कमिशन मिळते, ही त्या देशात उघड आणि मान्य पद्धत आहे. तो खोटेच बोलतो असे मी म्हणत नाही, पण मुलीने यंदा जाऊ नये असा सल्ला त्याच्याकडून येणार नाही, हे लक्षात घ्यावे.

बाग तारण ठेवण्याबद्दल आपण विचारले नाही, पण विचार मनात आला असेलच. कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याची मुभा बँकांना ज्या सरफेसी कायद्याने मिळते, त्याने शेतजमिनीवर वसुली करता येत नाही, म्हणून बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घ्यायला सहसा तयार होत नाहीत. त्यातून आपल्याकडचा सातबारा! आजोबांच्या नावापुढे मुंबईचे, पुण्याचे, बडोद्याचे हिस्सेदार, त्यांतल्या कितीतरींची वारस नोंद राहिलेली, इतर हक्कांत कुठे तरी जुन्या कुळाचे नाव. अशा उताऱ्यावर सह्या गोळा करता करता प्रवेशाची मुदत संपते आणि भाऊबंदकी वाढते ती वेगळीच. सार्वजनिक बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण लागते आणि म्हणून शेवटी बोट घराकडेच जाते.

मग वाट कोणती? मला तिच्यासाठी सर्वांत योग्य वाटते ती मुंबईत वर्सोव्याला असलेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. आयसीएआरच्या (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या) प्रवेश परीक्षेतून तिथे एम.एफ.एस्सी. करता येते, खर्च परदेशाच्या तुलनेत अगदी थोडा आहे आणि मत्स्यशास्त्रात त्या संस्थेला देशात मोठा मान आहे. त्यानंतर पीएच.डी.साठी ती नॉर्वे किंवा नेदरलँड्सकडे पाहू शकेल, कारण तिथे पीएच.डी. करणारा संशोधक बहुतांशी पगारी कर्मचारी असतो. (नॉर्वेत शिक्षण फुकट असते असे कोणी सांगितले तर ते जुने आहे. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथल्या सरकारी विद्यापीठांत २०२३ च्या शरद सत्रापासून पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे शुल्क लागते.) पदव्युत्तर शिक्षणच परदेशात हवे असेल तर बेल्जियममधील गेंट विद्यापीठाचा मत्स्यसंवर्धनाचा दोन वर्षांचा इंग्रजी अभ्यासक्रम पाहावा आणि त्याबरोबर युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस शिष्यवृत्तीचे अभ्यासक्रम शोधावेत, ज्यांत निवड झाल्यास महिन्याला १,४०० युरो मिळतात. महाराष्ट्र शासनाच्याही वेगवेगळ्या प्रवर्गांसाठी परदेश शिष्यवृत्त्या आहेत, मात्र त्यांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची अट असते, ती त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचूनच विद्यापीठे निवडावीत. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे मूळ असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. कोकणातल्या मुलांनी शिष्यवृत्तीसाठी एक वर्ष खर्च करणे हे वर्ष वाया घालवणे नव्हे, असे मी म्हणतो ते यासाठी.

अनामत भरण्यापूर्वी मुलीने विद्यापीठाला स्वतःच्या शब्दांत पत्र लिहावे, एजंटाकडून लिहवून घेऊ नये. प्रवेश एका वर्षाने पुढे ढकलता येईल का, त्या वेळी शुल्क वाढेल का, भरलेली अनामत व्हिसा नाकारल्यास आणि स्वतःहून न गेल्यास किती परत मिळते, आणि त्या अभ्यासक्रमातील सध्याच्या दोन भारतीय विद्यार्थ्यांशी बोलता येईल का, हे चार प्रश्न त्यात असावेत. उत्तरे लेखी आली की त्यांची प्रत मला पाठवावी. त्यांतल्या तारखा आणि आयसीएआर परीक्षेचे वेळापत्रक शेजारी ठेवून आपण तिघे पुन्हा बोलू. त्या बोलण्यात आपल्यापेक्षा तिने जास्त बोलावे, अशी माझी विनंती आहे.