न वटलेला ख्रिसमस क्लबचा चेक बँकेत नेऊ का? – माझं उत्तर

तो चेक घेऊन उद्या ब्रँचमध्ये जाऊ नका. बाकीचं सावकाश वाचा. (ख्रिसमस क्लब म्हणजे दर आठवड्याला थोडे पैसे बँकेत टाकायचे आणि सणाआधी सगळे एकदम चेकने परत घ्यायचे, अशी बचत योजना.)

पेनसिल्व्हेनियात एस्टेट सेलमध्ये (गेलेल्या माणसाच्या घरातल्या सामानाच्या विक्रीत) सांताच्या चित्रांच्या चेकचा गठ्ठा मिळाला, त्यातला १९५८ चा ६३.७५ डॉलरचा वटलेलाच नाही, मूळ बँक आता दुसऱ्या मोठ्या बँकेत गेलीय तर तिथे विचारू का, असं तुम्ही लिहिलंय. सेम माझी केस! मीही असाच एक घेऊन गेलो होतो, पैशासाठी नव्हे हो, ज्या बाईंच्या नावाचा होता त्यांच्या नातीचा पत्ता लागला होता आणि तिला आजीची आठवण म्हणून तो हवा होता, म्हटलं देण्याआधी बँकेत काही नोंद सापडते का बघू. काउंटरवरच्या मुलीने मॅनेजरला बोलावलं, तो "व्हेरिफाय करून आणतो" म्हणून आत घेऊन गेला आणि बाहेर येऊन म्हणतो हेड ऑफिसला पाठवावा लागेल. पावती मागितली तर तशी पद्धत नाही म्हणे. मग फोनवर फोन, दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगा, आणि शेवटी दोन ओळींचं पत्र, की खातं सापडत नाही, दिलेला कागद नियमानुसार नष्ट केला. अरे, खातं सापडत नाही तर कागद तुमचा कसा झाला? नातीला कोणत्या तोंडाने सांगणार होतो मी! बँकेचं नाव घेत नाही, उगाच कटकट.

विचारायचंच असेल तर दोन्ही बाजूंचे स्कॅन पाठवून लेखी विचारा. मूळ बँक कोणात विलीन झाली ते एफडीआयसी या बँकठेवींचा विमा उतरवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या बँकफाइंड साइटवर फुकट दिसतं. पण माझं स्पष्ट मत, बँकेचा नाद सोडा. बेवारस पडलेले पैसे ठरावीक वर्षांनी राज्याकडे जातात, तर राज्याच्या ट्रेझरीच्या अनक्लेम्ड प्रॉपर्टी साइटवर नाव टाकून बघा. तेही फुकट, त्यामुळे "शोधून देतो, कमिशन द्या" म्हणणाऱ्यांना दारात उभं करू नका. आणि काही निघालंच तर ते त्या माणसाचं किंवा वारसांचं, आपण कागद विकत घेतला म्हणून आपलं होत नाही. (मी वकील नाही, राज्याराज्यात नियम बदलतात.)

बाकी तुमच्या ६३.७५ ची मजा सांगतो. पहिल्या आठवड्यात ५ सेंट, दुसऱ्यात १०, असं वाढवत पन्नासाव्या आठवड्यात अडीच डॉलर, बेरीज बरोब्बर ६३.७५. एका सेंटपासून सुरू करणाऱ्याचे १२.७५ व्हायचे, दोनवाल्याचे २५.५०. काही जण उलटं करायचे, आधी मोठे हप्ते आणि शेवटी चिल्लर, कारण सणाच्या तोंडावरच खिसा रिकामा असतो. आपल्या भिशीसारखंच, फक्त नंबर लागायची वाट बघायची नाही, सगळ्यांना एकदमच चेक. सुरुवात तुमच्या पेनसिल्व्हेनियातच झाली असं मानतात, १९०९ मध्ये कार्लाइल ट्रस्ट कंपनीत, तिथल्या मर्केल लँडिस नावाच्या खजिनदाराने.

न वटलेले कमी मिळतात, सणाचे पैसे कोण सोडतो? पण मला विचाराल तर वटलेलेच जास्त बोलके. भोकं पाडून 'पेड' केलेले, मागे सही, कधी दुकानाचा शिक्का. त्यावरून पैसे कुठे गेले ते कळतं. ही मजाही आता गेली, २००४ मध्ये चेक २१ कायदा लागू झाल्यापासून बँका स्कॅनवरच व्यवहार करतात, मूळ कागद सहसा परत येत नाही.

आणि प्लीज लॅमिनेट करू नका. चिकट पानांचे फोटो अल्बम नकोत, पीव्हीसीची कव्हरं तर नकोच, पॉलिएस्टरची घ्या, थोडी महाग पडतात. किमतीचं विचाराल तर साधे चेक काही डॉलरला मिळतात, श्रीमंत व्हायच्या नादात राहू नका. चेकच्या मागची बाजू बघून सांगा, सही आहे का? सही असूनही वटला नसेल तर भानगड वेगळी आहे.