चालताना घोड्याची मान वर-खाली होते, मग दुडक्या चालीत ती स्थिर का राहते?

याचे कारण पाय टेकण्याच्या क्रमात आहे. साध्या चालीत चारही पाय वेगवेगळ्या क्षणी टेकतात आणि शरीराचा आधार सतत बदलत राहतो. डोके व मान मिळून शरीराच्या वजनाचा सुमारे १० टक्के भाग असल्यामुळे त्यांच्या हालचालीने गुरुत्वमध्य किंचित सरकतो आणि तोल सावरला जातो. या हालचालीत स्नायूंची शक्ती वाचते, कारण मानेच्या वरच्या कडेने जाणारा लवचिक अस्थिबंध डोके खाली जाताना ताणला जातो आणि साठलेली ऊर्जा ते वर येताना परत देतो.

दुडक्या चालीत मात्र कर्णरेषेतील दोन पाय, उदाहरणार्थ पुढचा डावा आणि मागचा उजवा, जवळजवळ एकाच वेळी टेकतात, त्यामुळे मानेला ते काम फारसे उरत नाही.

पुढच्या पायांवर उभ्या अवस्थेतच सुमारे ६० टक्के भार असतो. शिवाय घोड्याला कॉलरबोन नसते, त्यामुळे त्याची छाती त्या दोन पायांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते, ही माझ्या मते त्याच्या रचनेतील सर्वांत विलक्षण गोष्ट आहे.

निरोगीपणा पारखण्यासाठी पशुवैद्य दुडकी चालच पाहतात, कारण पुढचा पाय दुखत असल्यास तो टेकताना घोडा डोके वर उचलतो.