आजीची अर्धवट गोधडी पुरी करताना

मैत्रिणीच्या आजीची पाच बाय सात फुटांची गोधडी, कडेकडून शिवत आणलेली, मधला साधारण तीन बाय पाच फुटांचा भाग मोकळा, आणि ती पुरी करायची तुम्ही कबूल केलंय. सगळ्यात आधी मैत्रिणीला एकच विचारा: ही पांघरायची आहे की जपून ठेवायची? पांघरायची असेल तर धुणं आलं, आणि बाकीचे निर्णय त्यावर ठरतात.

शिवून होईपर्यंत धुऊ नका. मोकळे थर पाण्यात सरकतात, गोळा होतात. उन्हात झटका, मऊ ब्रशने कसर काढा. गंजलेल्या टाचण्या अडकल्या असतील तर ओढू नका, टाचणी कापून दोन्ही बाजूंनी काढा. मग गोधडी उजेडासमोर धरा. जिथून उजेड आरपार येतो ते कापड टाका पेलणार नाही. ते ठिगळ काढू नका, त्याच्यावरच मऊ मलमल किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा बसवा. लाल आणि काळ्या तुकड्यांवर ओलं पांढरं फडकं दहा मिनिटं दाबून ठेवा. रंग उतरला तर मैत्रिणीला आत्ताच सांगा, धुताना शेजारचे तुकडे डागाळतील. नवीन कापड मात्र आधी धुऊनच वापरा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटून भोवती चुण्या पडतात.

दोरा सुतीच. पॉलिएस्टरचा दोरा जुन्या सुताहून चिवट असतो, ताण आला की दोरा टिकतो आणि कापड कापलं जातं. मशीनचं तर नावच नको; बारीक, घट्ट टाक्यांच्या रेषेवर विरलेलं कापड फाटतं. आठ नंबरचा पर्ल कॉटन, म्हणजे भरतकामाचा पिळदार सुती दोरा, चालतो. दोन ओळींत पाऊण इंच अंतर धरलं तर तीन बाय पाच फुटांना साधारण 240 फूट शिवण होते. टाक्यांत जाणारा आणि टोकांना वाया जाणारा दोरा धरून 90 मीटर लागतो. 10 ग्रॅमच्या गुंडीत 80-85 मीटर असतो, म्हणून दोन गुंड्या एकदमच घ्या. पांढराशुभ्र उठून दिसेल, सायीच्या रंगाचा घ्या.

आता खरी अडचण. कडा आधीच बंद आहेत, त्यामुळे वरच्या थरात जास्तीचं कापड असलं तर त्याला बाहेर पडायला वाट नाही. तसंच शिवत आत गेलात की मध्यावर फुगा येतो. म्हणून जमिनीवर पसरून, चारही बाजूंनी ताणून, कडांवर वजनं ठेवा आणि सगळ्या मोकळ्या भागात चार-चार बोटांवर कच्चे टाके घाला. जास्तीचं कापड सगळीकडे थोडं थोडं वाटलं जातं. एवढं करूनही उरलंच तर कापू नका, एक चपटी चुणी घाला आणि तिच्यावर ठिगळ लावा.

आजीचा टाका मोजा: एका इंचात किती, आणि दोन ओळींत बोटभर की कमी. धावदोरा त्याच मापाने पुढे न्या. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला तर पिळतो आणि घासून विरतो. प्रत्येक ओळ ओढून झाली की तळहाताने सपाट करा, घट्ट ओढलेल्या दोऱ्याने गोधडी आखडते. विरलेल्या कापडातून गाठ निसटते, तेव्हा गाठीऐवजी जागच्या जागी दोन उलट टाके घ्या.

आजीचे वाकडे टाके उसवून सरळ करायचा मोह होईल. माझं ठाम मत आहे, एकही उसवू नका. तिच्या शेवटच्या दोऱ्याचं टोक लोंबत असेल तर तेही न कापता थरांत ओवून टाका आणि तुमचा दोरा तिथूनच सुरू करा.

कड झिजली असेल तर नऊवारीचा काठ लावा. नऊ वार म्हणजे 27 फूट, गोधडीचा घेर 24. एक काठ चारही बाजूंना पुरून कोपऱ्यांच्या दुमडीलाही उरतो.

शेवटी गार पाणी, रिठा, पिळायचं नाही. दोरीवर टाकू नका, ओल्या गोधडीच्या वजनाने टाके तुटतात. बाजेवर सपाट, सावलीत वाळवा.