टेन्शनमुळे शुगर खरंच वाढते, की सासूबाईंचं ते गोड खाण्याचं निमित्त?

वाढते. सासूबाई खोटंच बोलत असणार असं धरून तुम्ही विचारलंय, ते मला लागलं, म्हणून लिहितेय.

आजीला अर्धांगवायू झाला तेव्हा तिचं सगळं माझ्या आईने केलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. आईला डायबेटिस आधीपासूनच, पण गोळ्यांवर आटोक्यात होता. उपाशीपोटीची शुगर ती कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीने लिहायची. १२०-१२५ असायची, ती १८०-१९० वर गेली. आत्या अधूनमधून यायची, आजीजवळ घटकाभर बसायची आणि जाताना म्हणायची, "वहिनी चोरून गोड खात असणार." एकदा तर तिने फडताळातला डबा उघडून लाडू मोजले. आई तिथेच उभी होती, आजीची ओली चादर हातात घेऊन. एक शब्द बोलली नाही.

आत्याला तेव्हा सांगितलं तेच इथे सांगते. रक्तातली साखर फक्त खाण्यातून येत नाही. सतत काळजी असली, झोप मोडली की ॲड्रिनलिन, कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स वाढतात. मग यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि इन्सुलिनचा असर कमी होतो. निरोगी शरीर जास्तीचं इन्सुलिन सोडून निभावून नेतं, डायबेटिसवाल्याला ते जमत नाही. शिवाय दिनक्रमाचे तीनतेरा वाजतात ते वेगळेच. आईचं संध्याकाळचं चालणं बंद, जेवण दुपारी तीनला उभ्याउभ्या, रात्रीची गोळी कधी राहूनच जायची. याला निष्काळजीपणा म्हणणाऱ्यांनी आधी आठवडाभर अशी जाग्रणं करावीत.

शेवटी रात्रीसाठी बाई ठेवली (पैसे बाबांनी आणि काकांनी दिले, आत्याने नाही). पुढच्या तपासणीत आईची एचबीएवनसी, म्हणजे शुगरची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी टक्केवारी, ९.१ वरून ७.४ वर आली. मधे डॉक्टरांनी डोसही वाढवला होता, त्यामुळे सगळं श्रेय झोपेला देत नाही. पण घरातले लाडू काही कमी झाले नव्हते.

तुमच्या सासूबाई गोडही खात असतील, नाही म्हणत नाही. इन्फेक्शनने, स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही शुगर चढते, तेव्हा टेन्शन आहे म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. फक्त त्याआधी त्यांना रात्री झोप लागते का आणि टेन्शन नेमकं कसलं आहे, एवढं विचारा. तुमच्या प्रश्नात ते कुठेच नाही.