सिलिॲकमुळे झटके येऊ शकतात का?

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. काही महिन्यांपासून ती चालताना तोल जाऊन पडते, फार चिडचिड करते आणि मागच्या महिन्यात ताप नसताना तिला झटका आला. वजन वाढत नाही म्हणून केलेल्या तपासणीत टीटीजी (सिलिॲकसाठी रक्तात तपासली जाणारी प्रतिपिंडे) बरेच वाढलेले निघाले. डॉक्टरांना सिलिॲकची, म्हणजे गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची, शंका आहे, पण तिला जुलाब कधीच झाले नाहीत. या सगळ्याचा गव्हाशी संबंध असेल का? गहू आजच बंद करू का? – एक आई, जळगाव

उत्तर : संबंध असू शकतो, पण गहू आज बंद करू नका. गहू थांबवला की रक्तातील प्रतिपिंडे उतरू लागतात, आतड्याचे अस्तरही सुधारू लागते, आणि मग एंडोस्कोपीत घेतलेल्या तुकड्यावरून निदान पक्के करणे अवघड होते. टीटीजीबरोबर एकूण आयजीए (रक्तातील प्रतिपिंडांचा एक प्रकार) तपासले आहे का, तेही विचारा. मात्र झटका येऊन गेला आहे आणि तोल जातो आहे, तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञांची भेट लांबवू नका. दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांचे कागद पाहिलेच पाहिजेत, असा आग्रह धरा.

जुलाब नसल्याने सिलिॲक नाकारता येत नाही. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याचे अस्तर झिजते, लोह, फोलेट, जीवनसत्त्व ब१२, ड आणि ई नीट शोषले जात नाहीत, आणि लहान मुलांत मज्जासंस्थेची लक्षणे दिसली तर मी सर्वांत आधी या कमतरतांकडे पाहतो. ड कमी पडून कॅल्शियम फार उतरले तर झटका येऊ शकतो. ई किंवा ब१२ दीर्घकाळ कमी राहिले तर नसांवर परिणाम होऊन चाल बिघडते. आपल्याकडील शाकाहारी घरांत ब१२ मुळातच कमी असते. म्हणून फोलिक ॲसिडच्या गोळ्या परस्पर सुरू करू नका, कारण ब१२ कमी असताना एकट्या फोलेटने रक्त सुधारते, पण नसांची हानी चालूच राहते.

दुसरा मार्ग प्रतिकारशक्तीचा आहे. ग्लूटेनविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे लहान मेंदूला (मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागाला) इजा करून तोल बिघडवतात असे मानले जाते, परंतु हा प्रकार प्रामुख्याने प्रौढांत दिसतो, मुलांत विरळाच. सिलिॲक, अपस्मार (वारंवार झटके येण्याचा आजार) आणि मेंदूच्या मागील भागात कॅल्शियमचे साठे, असे त्रिकूट 1992 मध्ये इटलीतील डॉक्टरांनी सविस्तर मांडले. आपल्याकडे मेंदूत असे ठिपके दिसले तर फितकृमीच्या संसर्गाचाही विचार करावाच लागतो. ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) आणि एमआरआय यांसाठीच सांगितले जाईल. कॅल्शियमचे साठे सीटी स्कॅनवर अधिक स्पष्ट दिसतात. झटक्याची औषधे सुरू झाली तर ती आहार बदलला म्हणून आपणहून थांबवू नयेत.

निदान झाल्यावर पथ्य कायमचे आणि काटेकोर असते. चिडचिड बहुधा काही आठवड्यांतच कमी होते. नसांना झालेली इजा भरून यायला अधिक काळ लागतो आणि कधी ती पूर्ण भरूनही येत नाही. म्हणूनच उशीर महागात पडतो. जळगावात ज्वारी, बाजरी, तांदूळ घरोघरी आहेतच, पण ज्या गिरणीत आधी गहू दळला त्याच जात्यावर ज्वारी दळून आणली तर पिठात गहू येतोच, तेव्हा घरच्या वेगळ्या चक्कीवर दळावे. बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. मेतकूट, थालिपिठाची भाजणी आणि सातूचे पीठ यांतही गहू असतो. माल्टची पेये जवापासून होतात. पोळपाट-लाटणेही तिच्यासाठी वेगळे ठेवा.

झटका पाच मिनिटांहून जास्त चालला, किंवा जुलाब-उलट्यांनी मूल निपचित, लुळे पडले, तर कोणत्याही भेटीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.