बातम्यांत आणि नोटिशींत गंभीर अन्याय सौम्य कसा वाटायला लागतो?

तुम्ही विचारलंय की पुण्यातल्या बातम्यांत, सोसायटीच्या नोटिशींत मोठा अपराधही 'दुर्दैवी घटना' होतो. हे भाषेत नेमकं कुठे घडतं आणि पकडायचं कसं?

आधी क्रियापद बघा. 'ती जळाली' आणि 'तिला जाळलं'. 'ठेवी बुडाल्या' आणि 'ठेवी बुडवल्या'. पहिल्या रूपात करणाऱ्याला जागाच नाही. जळणं तिच्याच नावावर पडतं. लिहिणारा खोटं न बोलता अपराध्याला वाक्याबाहेर ठेवू शकतो. सरकारी कागदातलं 'दुर्लक्ष झाले' त्याच जातीचं.

'ड्रेनेज चेंबर साफ करताना गुदमरून दोन कामगारांचा मृत्यू' हा मथळा घ्या. यात कामगार आहेत, चेंबर आहे, पण त्यांना आत उतरवणारा नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सफाईला उतरवणं गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. म्हणजे विचारायला हवं : काम कोणी दिलं, मास्क आणि दोर होते का, आत उतरायला कोणी सांगितलं? मथळा वाचून यातला एकही प्रश्न मनात येत नाही.

दुसरी जागा म्हणजे नाम. 'एकतर्फी प्रेमातून हल्ला' असं लिहिलं की हल्ल्याला प्रेमाचं कारण मिळतं. त्याआधीचा पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम ७८) होता, हे बुडतं. 'छेडछाड' तर खोडीच वाटते. न्यायालयीन भाषेतल्या स्त्रियांविषयीच्या साचेबंद शब्दांवर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या पुस्तिकेने 'ईव्ह टीझिंग'ऐवजी रस्त्यावरचा लैंगिक छळ म्हणायला सुचवलं, ते योग्यच.

शब्द असे तपासण्याचा सगळ्यात जास्त उपयोग पोलीस ठाण्यात होतो. फिर्यादीत नुसतं 'गैरवर्तन केले' आलं तर कलमं हलकी लागण्याचा धोका असतो. कुठे हात लावला, काय बोलला, किती वेळा, हे त्याच शब्दांत लिहून घ्या. लिहिलेलं वाचून दाखवणं आणि प्रत मोफत देणं कलम १७३ नुसार (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा कायदा) पोलिसांवर बंधनकारक आहे. सहीआधी प्रत्येक क्रियापदाला 'कोणी?' विचारा. आणि 'अकस्मात मृत्यूची नोंद' ही चौकशीची सुरुवात असते. बातमीत ती निष्कर्षासारखी येते, तिथे फसू नका.

उलटी चूकही होते. कर्ता घालायच्या भरात आरोपीला गुन्हेगार म्हणू नका, तोही अन्यायच. 'फिर्यादीनुसार' लिहा. आणि कर्ता खरंच कळलेला नसेल, तर तेवढंच पण उघड लिहा : 'कामगारांना आत कोणी उतरवलं, याची नोंद नाही.'